दगडाबाईला कुणी सांगायचं?

टिटवाळा
४ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

ख्रिस्तात सलाम.

पत्र टाइप करून पाठवतोय म्हणून रागावू नकोस. माझं अक्षर तुला लागत नाही आणि फोनवर माझा आवाज तुला ऐकू येत नाही. कानाचं मशीन घेऊन दिलं तर ते तू कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवलंस. मग उरलं टपाल. टिटवाळ्याचं पत्र ठाण्याला पोचेपर्यंत माणूस चालत येऊन, जेवून, झोप काढून परत जाईल. पण असो.

बातमी अशी की आमच्या चर्चला नवीन पाळकसाहेब आलेत. एकदम तडफदार. त्यांनी मोहीम काढलीय, ‘एक घर, पाच शेजार’. प्रत्येक कुटुंबाने ईस्टरपर्यंत पाच शेजाऱ्यांना सुवार्ता सांगायची, आणि जमलं तर त्यांना ईस्टरच्या उपासनेला घेऊन यायचं. चर्चच्या हॉलमध्ये तक्ता लावलाय. शेजारी झाला की नावापुढे सोनेरी चांदणी चिकटवतात. ईस्टरनंतर कमिटीची निवडणूक आहे. मी काही कमिटीसाठी करत नाहीये, हे तुला माहीतच आहे. पण लोकच म्हणतात, विनीतसारखा सेल्सचा माणूस कमिटीवर पाहिजे. दहा वर्षं पाण्याचे फिल्टर विकलेत मी, कल्याणातली एक बिल्डिंग सोडली नाही. लोकांच्या नळाच्या पाण्याबद्दल त्यांच्या तोंडावर बोलणारा माणूस त्यांच्या आत्म्याबद्दल बोलायला कशाला लाजेल?

मी डोकं लावलं. नाताळचा फराळ आपण शेजारी वाटतोच. या वेळी पाच घरांच्या पाच डब्यांत, करंज्यांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत घालून सुवार्तेची एकेक पत्रिका ठेवली. वर मोठ्या अक्षरात, ‘तुम्ही तयार आहात का?’ करंज्या संपल्या की हातात पत्रिका! रसिका म्हणाली, “अहो, खाली काय लपवता, चोरीचा माल आहे का?” तिला मार्केटिंग कळत नाही.

आता तुझ्याबद्दल. चाळीस वर्षं तू कोळीवाड्यात दगडाबाईच्या भिंतीला भिंत लावून राहतेस. तिच्या हातचे बोंबील खातेस. पण तिला प्रभूबद्दल एक शब्द तरी बोललीस का गं? संडे स्कूलला आम्हा पोरांना तूच शिकवलेलंस ना, सांगायला लाजू नये म्हणून? मी मोठ्या तोंडाने बोललो असेन तर माफ कर. पण विचार कर.

तुझा,
विनीत

०

चेंदणी, ठाणे
१२ जानेवारी २०२५

चि. विनीत यास,

अनेक आशीर्वाद.

तुझं छापील पत्र मिळालं. वाचताना सारखं वाटत होतं की वीज कापायची नोटीस आली आहे. पुढच्या वेळी हाताने लिही. तुझं अक्षर पहिलीपासून मी तपासलं आहे, वाचेन कसंबसं.

करंजीच्या पोटात नारळ असतो हे ऐकून होते. तिच्या बुडाखाली आत्म्याचं तारण असतं हे तुझ्याकडून कळलं. बरं, माझ्याकडच्या नाताळच्या करंज्या कोण लाटतं, ठाऊक आहे का? दगडाबाई. माझे खांदे गेल्यापासून तीच येऊन बसते. मी मुरड घालते आणि ती मला नावं ठेवते. म्हणजे दरवर्षी आपल्या प्रभूच्या जन्माचा फराळ एक कोळीण करते आणि मी तो चर्चमध्ये माझा म्हणून मिरवते. हे पाळकसाहेबांना सांगू नकोस.

पण खोटं कशाला बोलू, तुझं बोलणं लागलं. खरंच मी तिला कधी काही सांगितलेलं नाही. शाळेत मुलांना सांगितलं, तुम्हा भाचरांना सांगितलं. दगडाबाईशी बोलताना मात्र भाव, पाणी, सून, गुडघे एवढंच. देवाधर्माचं आलं की ती तिच्या एकवीरेला हात जोडते, मी गप्प बसते. आमचं बरं चाललं आहे.

आणि आता मनातली भीती सांगते. तुझे काका गेले, मूलबाळ नाही. रोज पहाटे बाजाराला निघताना दगडाबाई माझं दार उघडून आत डोकावते. वाजवलेलं मला ऐकू येत नाही म्हणून एक किल्लीच तिच्याकडे दिली आहे. ती म्हणते, “हाईस काय गो?” तिचे ओठ हलताना पाहून मी म्हणते, “आहे.” मग ती टोपली उचलते. तिचंही काही सुखाचं नाही. यज्ञेश हा एकुलता एक मुलगा दारूच्या पायी पार वाया गेला होता. दिवाळीपासून त्याने थेंब घेतलेला नाही, दृष्ट न लागो. या वयात देवाचं नाव काढून मी ही बाई गमावली, तर सकाळी मला कोण विचारणार?

तरी तू म्हणतोस तर विचार करते. रसिकाला सांग, तिचं बरोबर होतं.

तुझी,
आत्या

०

टिटवाळा
२० जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

सलाम. हाताने लिहितोय, समजून घे.

डबे परत आले. आता ऐक. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, हे मी प्लॅनिंगमध्ये धरलंच नव्हतं!

तळमजल्यावरच्या सर्वेशच्या डब्यात शेंगदाण्याची चिक्की, आणि चिक्कीच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, त्याच्या गुरूंची पुस्तिका. वर, ‘तुम्ही जागे आहात का?’ संचितावहिनींच्या डब्यात तिळाचे लाडू, आणि खाली त्या विकतात त्या वजन कमी करायच्या पावडरचं पत्रक. त्यावर रसिकाचं नाव पेनाने लिहिलेलं, त्यामुळे घरात दोन दिवस वातावरण गरम. सेक्रेटरी तानाजीरावांच्या डब्यात सोलापुरी चटणी आणि खाली माघी गणपतीच्या मंडपाचं निमंत्रण. सगळ्यांना वाटलं, फराळाच्या तळाशी कागद ठेवायची आमच्यात पद्धतच आहे!

आणि आता सगळे फॉलो-अप घेतायत. सर्वेश लिफ्टमध्ये भेटला की विचारतो, “वाचलंत का?” मी दोनदा जिन्याने गेलो. आत्या, सहाव्या मजल्यावर राहतो मी.

पण मी डगमगत नाही. तू विचार करतेस हे वाचून फार बरं वाटलं. पाळकसाहेबांनी आम्हाला ट्रेनिंग दिलंय, ते तुला थोडक्यात सांगतो. आधी समोरच्याचं कौतुक करायचं. मग तब्येतीची चौकशी करायची. मग डोळ्यांत डोळे घालून थेट प्रश्न टाकायचा, “आज तुम्ही मेलात तर कुठे जाल?” आणि गप्प बसायचं. समोरचा अस्वस्थ झाला की समजायचं, काम होतंय. फिल्टर विकतानाही असंच असतं. ग्लासातला गाळ दाखवायचा आणि गप्प राहायचं.

तू एवढंच कर. बाकी प्रभू बघेल.

तुझा,
विनीत

०

चेंदणी, ठाणे
३१ जानेवारी २०२५

विनीत,

तुझा गाळ तुझ्याकडे ठेव.

मंगळवारी दगडाबाई ओट्यावर बोंबील साफ करत बसली होती. मी तुझा कागद दोनदा वाचून गेले. कौतुक केलं, “हात काय चालतो गं तुझा!” तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं, कारण चाळीस वर्षांत मी असं बोलले नव्हते. मग तब्येत विचारली. म्हणाली, “कालच तर तूच बघितलास ना कागद?” हे तुला सांगायचं राहिलं. गल्लीत कुणाचाही रक्ताचा रिपोर्ट आला की इंग्रजी वाचायला माझ्याकडे येतो. तिची साखर जराशी वाढली होती, बाकी बाई ठणठणीत. तसं मी तिला सांगितलंही होतं.

आणि आदल्या दिवशी जिने रिपोर्ट वाचला, तिने दुसऱ्या दिवशी येऊन, डोळ्यांत डोळे घालून विचारलं, “दगडाबाई, आज तू मेलीस तर कुठे जाशील?”

आणि गप्प बसले! तू सांगितलंस म्हणून.

माझ्या बहिरेपणामुळे माझा आवाज कसा निघतो तुला ठाऊक आहे. गल्लीभर गेला. दगडाबाईच्या हातातला बोंबील खाली पडला. ती म्हणाली, “मसनात जाईन, आनखी कुठं?” सुरी धुतली, घरात गेली आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी तिची सून वर्षाली आली. बिचारी माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, “बाई, आई जेवत नाहीत. रिपोर्टात काय लिहिलंय ते खरं सांगा. आम्ही घाबरत नाही.” मी शपथेवर सांगितलं, काही नाही, भात कमी करायचा एवढंच. ती घरी जाऊन परत आली. दगडाबाईचं म्हणणं असं की, बाई जन्मात खोटं बोलली नाही, ती आता बोलते आहे, म्हणजे आजार मोठाच असणार.

मग मी खरं ते सांगितलं, की मला तिच्याशी प्रभूबद्दल बोलायचं होतं. ते ऐकून भीती गेली असावी, पण राग आला. वर्षालीबरोबर माझी किल्ली परत आली. “आई म्हणतात, चाळीस वर्षं माझ्याबरोबर राहून बाईला शेवटी माझ्या मरणाचंच पडलंय.”

आज तीन दिवस सकाळी मला कुणी विचारलेलं नाही. मी उठते, खिडकीशी बसते आणि तिची पाठ बाजाराकडे जाताना बघते. विनीत, मला रडू आवरत नाही. तू वर आणखी काही शिकवू नकोस.

आत्या

०

टिटवाळा
५ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

वाईट वाटलं गं. पण एक सांगू? सुरुवातीला ग्राहक चिडतोच. चिडला म्हणजे विषय डोक्यात गेला. आणि तुझे कष्ट वाया गेले नाहीत, तू माझ्याच कुटुंबातली, आणि तू स्पष्ट प्रभूचं नाव घेतलंस, म्हणजे नियमाप्रमाणे ते धरतात. पाळकसाहेबांनी माझ्या नावापुढे दगडाबाईची चांदणी लावलीसुद्धा. ती माझी पहिलीच.

माझं इकडे वेगळंच चाललंय. तानाजीराव म्हणाले, “साळवे, तुमच्या ईस्टरला येतो की! पण तुम्ही आमच्या माघी गणपतीला मंडपात उभे राहायला पाहिजे.” फेअर डील. मी गेलेलो. मला वाटलं खुर्च्या लावायच्या असतील. त्यांनी भगवा फेटा बांधून मला रांग सांभाळायला उभं केलं, कारण माझा आवाज चांगला आहे म्हणे. सर्वेशने फोटो काढून बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कसा कोण जाणे चर्चच्या ग्रुपवर आला. पाळकसाहेबांनी फोन करून विचारलं, “विनीतभाऊ, नक्की कोण कुणाला सांगतंय?” मी म्हटलं, साहेब, हे इन्व्हेस्टमेंट आहे. रसिका दोन दिवस हसतेय.

आत्या, एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो, काळजी वाटते म्हणून. तू संध्याकाळी प्रार्थना करतेस ती फार मोठ्याने करतेस. तुला कळत नाही, पण आम्ही आलो होतो तेव्हा मुलं झोपेतून उठली होती. घराघरांत एकच भिंत. आता दगडाबाई आधीच चिडलेली, त्यात दिवस असे नाजूक. उद्या कुणी म्हटलं की बाई मुद्दाम ऐकवते, तर? देवाला काय, मनातलंही ऐकू येतं. काही दिवस मनातल्या मनात कर. एवढं ऐक माझं.

तुझा,
विनीत

०

टिटवाळा
४ मार्च २०२५

प्रिय आत्या,

महिना झाला, तुझं पत्र नाही. रागावली आहेस का? बरी आहेस ना? वर्षालीला फोन लावला तर म्हणाली, “बाई बऱ्या आहेत, पण बोलत नाहीत कुणाशी.” म्हणजे काय?

इकडे पाळकसाहेबांनी ठरवलंय की मी उपासनेत सगळ्यांसमोर साक्ष द्यायची, माझी आत्या आणि तिची कोळीण शेजारीण या विषयावर. दगडाबाईचा पुढे काही बदल झाला असेल तर कळव. तुम्हा दोघींचा एखादा फोटो असला तर फार छान.

रसिका शेजारी बसलीय. ती म्हणते, हे फोटोचं लिहू नका. पण लिहून झालंय.

तुझा,
विनीत

०

चेंदणी, ठाणे
१० मार्च २०२५

चि. विनीत यास,

अनेक आशीर्वाद.

फोटो नाही. चांदणी काढून टाक. आणि साक्षच द्यायची असेल तर भगव्या फेट्याची दे, ती निदान तुझी स्वतःची आहे.

रागावले होते, म्हणून लिहिलं नाही. आता राग नाही, पण जे झालं ते तुला सांगितलंच पाहिजे.

तुझं ऐकून मी मोठ्याने प्रार्थना बंद केली. महिनाभर संध्याकाळी खुर्चीत डोळे मिटून बसायचे, ओठ घट्ट. कसंनुसंच वाटायचं. शब्द तोंडात फिरल्याशिवाय मला देवाशी बोलल्यासारखं वाटत नाही, माझी सवयच तशी. पण वाटलं, निदान कुणाला त्रास तरी नको. पहाटे दगडाबाई माझ्या दारावरून सरळ पुढे जायची. किल्ली परत आल्यापासून मी दिवसा कडीच लावत नव्हते. का, ते तूच समज.

काल संध्याकाळी मी अशीच डोळे मिटून बसले होते. वाड्यात शिमग्याची धामधूम, ढोल वाजत असणार, मला काय त्याचं. एकदम कुणीतरी खांदा धरून गदागदा हलवला. डोळे उघडले तर समोर दगडाबाई. हाताला पीठ, पदर खोचलेला, डोळे लाल. मला ऐकू यावं म्हणून माझ्या कानात ओरडली, “आवाज का बंद केलास गो तू?”

मी म्हटलं, “कसला आवाज?”

“संध्याकालचा! तू देवाला हाका मारतेस तो! आदी तुज्या नवऱ्याचा नाव, मंग भावाची पोरं, मंग शालेतली पोरं, मंग माजा यज्ञेश. मी भाकऱ्या भाजते तवाच येतो त्याचा नाव. रोज येतो. आनि हा महिनाभर भिंत मुकी! काल पोरगा पिऊन आयला. दिवालीपासून सोडलेली, काल पिऊन आयला! तुला कोनी सांगितला त्याचा नाव सोडायला?”

मी म्हटलं, “अगं, सोडलं नाही. रोज घेते. मनातल्या मनात घेते.”

ती म्हणाली, “मनातल्या मनात मला कसा आयकू येल?”

याचं उत्तर तू आणि तुझे पाळकसाहेब शोधा. मी चाळीस वर्षं समजत होते की दगडाबाईला मी काही सांगितलेलं नाही. त्या भिंतीतून तिने सगळं ऐकलं होतं. आणि सगळं म्हणजे सगळंच, रे बाबा. मी देवाकडे तिच्या कमी का चुगल्या केल्या आहेत? दगडाबाईला मापात पाप करू देऊ नको. दगडाबाईच्या जिभेला लगाम घाल. गेल्या गणपतीत ती मला काय बोलली, ते तर मी देवाला तीन दिवस ऐकवत होते. लाजेने माझे कान गरम झाले. मी विचारलं, “तू हे सगळं ऐकत होतीस आणि कधी बोलली नाहीस?”

म्हणाली, “तू काय माज्याशी बोलत होतीस? तू त्याच्याशी बोलत होतीस. मदी कशाला पडू?”

मग ती खाली बसली. माझ्या पायाशी, जमिनीवर. तिचा आवाज उतरला असावा, कारण पुढचं मी ओठांवरून वाचलं. “एकवीरा आईला नारल बोललीय मी, कार्ल्याला जाऊन फोडीन. आई तिचा बघंल. तू तुज्या देवाला सांग. पोरगा एकच हाय माजा. मी हितंच बसते. बोल. मोठ्यांदा बोल.”

इतकी वर्षं शाळेत, चर्चमध्ये, कुणाकुणाच्या मयतीला मी प्रार्थना केली, कधी अडखळले नाही. काल अडखळले. भिंतीपलीकडच्या माणसाबद्दल देवाशी बोलणं सोपं असतं. तेच माणूस गुडघ्याला टेकून बसलं की शब्द जपून वापरावे लागतात. तरी सुरुवात केली. तुझ्या काकांबद्दल आभार मानले. तुम्हा भाचरांची नावं घेतली, तुझं घेताना जरा जोर लावला. शाळेतल्या मुलांची घेतली. यज्ञेशचं नाव घेतलं तेव्हा दगडाबाईने माझ्या पायाचा अंगठा घट्ट धरला, आणि मी ते नाव तीन वेळा घेतलं, जितका आवाज होता तितक्या आवाजात. ढोल वाजवणारे थांबले असं नंतर वर्षाली म्हणाली.

पुढचं मी सोडून दिलं आणि शेवटाकडे वळले. तर दगडाबाईने डोळे न उघडता मला कोपराने ढोसलं.

“माज्या जिभेचा ऱ्हायला,” ती म्हणाली.

तेही म्हटलं. तिच्यासमोर, तिचं नाव घेऊन. पाठोपाठ माझ्या जिभेचंही म्हटलं, ते इतक्या वर्षांत कधी म्हटलं नव्हतं. मग श्वास घ्यायला थांबले, तेवढ्यात ‘आमेन’ दगडाबाईने म्हणून टाकलं. कुठे म्हणायचं ते तिला पाठ होतं.

तुझी,
आत्या